गवळीवाड्यावरची गाणी शाळेत आणायची आहेत? मग आधी हा क्रम नीट बघा

कर्नाटकातल्या खानापूर, बेळगाव, हल्याळ या पट्ट्यातल्या बऱ्याच शिक्षक मित्रांनी हा प्रयत्न केलाय, गवळी धनगरांची गाणी, सिद्दींच्या (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजाच्या) गोष्टी, जात्यावरच्या ओव्या, यल्लव्वाच्या जोगत्यांची पदं शाळेत आणायचा, आणि बहुतेक ठिकाणी ते एका गॅदरिंगपुरतं झालं आणि संपलं. कारण सगळीकडे जवळपास एकच. आधी मोबाइल काढून रेकॉर्डिंग, मग घाईघाईत लिखाण, मग वर्गात म्हणून घ्यायचं, आणि सगळ्यात शेवटी वाड्यावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, जाऊन "तुमचं गाणं आम्ही वापरलं बरं का" असं सांगायचं. हा क्रम उलटा आहे. विचारणं सगळ्यात आधी यायला पाहिजे, रेकॉर्डिंग चौथ्या नंबरावर, आणि परत नेऊन देणं हा कामाचाच भाग धरायला पाहिजे, वेळ उरला तर करायची गोष्ट नव्हे. मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवतो, हे सगळं आधी चुकून मगच शिकलोय, म्हणून जसं करायला हवं तसं खाली टप्प्याटप्प्यानं लिहितो.

टप्पा १: वाडा, शाळा आणि कॉलेज, तिघांना एका सतरंजीवर बसवा

एकट्या शिक्षकानं हे काम काढलं की त्याची बदली झाली की काम बंद. एकट्या कॉलेजनं काढलं की प्रोजेक्ट सबमिट झाला की मुलं परत फिरकत नाहीत. म्हणून तिघं पाहिजेत.

कॉलेज शोधताना पहिल्यांदा मराठी विभागाच्या सरांकडे जा, पण कन्नड विभागालाही त्याच दिवशी सांगा. आपल्या भागातली गाणी एका भाषेत राहतच नाहीत, सौंदत्तीला यल्लव्वाच्या डोंगरावर एकाच पदात दोन ओळी कन्नड, दोन मराठी ऐकू येतात, त्यामुळे फक्त मराठीवाल्यांनी लिहून काढलं की अर्धं गाणं चुकतं. बेळगाव जिल्ह्यातली बहुतेक डिग्री कॉलेजं २०१० साली झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली येतात, हल्याळकडची धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली, म्हणजे दोन्ही भागांत काम असेल तर प्रोजेक्टचे नियम दोन्हीकडे वेगळे विचारून घ्या.

शाळेच्या बाजूनं एसडीएमसीचा, म्हणजे पालकांच्या शाळा समितीचा, ठराव घ्या. इथं एक गोष्ट हमखास सुटते. एसडीएमसीत वाड्यावरचा एकही पालक नसतो, कारण सकाळी दूध काढणं, डेअरीत घालणं, मग म्हशी रानात सोडणं यात त्यांना मीटिंगची वेळ जमतच नाही. मीटिंग दुपारी दोनला ठेवा, दोन दिवस आधी घरी जाऊन सांगा, येतात.

तिघांत मिळून एका कागदावर लिहा: कोण काय करणार, कोणाला काय मिळणार, आणि 'नाही' म्हणायचा अधिकार कोणाचा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे, वाड्याचा. कॉलेजच्या गाइडचा नाही, हेडमास्तरांचा नाही.

*तपासा:* हा कागद मोठ्यानं वाडाभर वाचून दाखवलाय का? नसेल तर टप्पा २ ला हात लावू नका.

टप्पा २: जायची वेळ बघा, आणि पहिल्या तीन वेळा मोबाइल खिशातच ठेवा

कणकुंबी, जांबोटीच्या बाजूला पावसाळा म्हणजे खरा पावसाळा, चार महिने तिकडं फिरणं अवघड, शिवाय ओढ्याला पाणी आलं की वाडा तुटतोच. दिवाळीनंतर ऊसतोडीचा हंगाम लागला की कितीतरी घरांतली कर्ती माणसं बाहेर. माघात चिंचलीच्या मायाक्काची जत्रा, मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला सौंदत्तीला गर्दी. कॉलेजचं वेळापत्रक मात्र या कशाशीच जुळत नाही, त्यांना परीक्षा संपल्यावर मे महिन्यात यायचं असतं, आणि मे मध्ये चाराटंचाई, पाणीटंचाई, माणसं वैतागलेली. म्हणून जूनमध्येच बसून वर्षाचं एक साधं कॅलेंडर करा. एका रकान्यात वाड्याची कामं आणि सण, दुसऱ्यात शाळेचे दिवस, तिसऱ्यात कॉलेजच्या परीक्षा. तिन्हीकडे मोकळे दिवस थोडेच निघतात, तेवढेच धरा. माझ्या अनुभवात दसऱ्याच्या शिलंगणानंतरचे पंधरा दिवस आणि संक्रांतीनंतरचा आठवडा बरा जातो.

दिवसातली वेळ पण महत्त्वाची. पहाटे आणि संध्याकाळी दूध काढायच्या वेळेला कुणाच्या गोठ्याशी जाऊन "दोन मिनिटं बोलूया" म्हणू नका. दुपारी जेवणं झाल्यावर बायका सावलीत बसतात तेव्हा जा.

पहिल्या तीन भेटी नुसत्या बसायला. चहा घ्या, म्हशीचं नाव विचारा, पोराच्या शाळेचं बोला. कॉलेजची मुलं इथं अधीर होतात, त्यांना वाटतं वेळ वाया गेला, पण याच भेटींत कळतं की कुणाकडे काय आहे, कोण कुणासमोर गात नाही, सुनेनं सासऱ्यासमोर म्हणायचं नाही असं काही आहे का, हे सगळं.

*सावध:* स्वतःला ते काय म्हणवतात ते विचारा आणि तेच लिहा. अहवालात सरसकट 'आदिवासी' लिहून टाकायची सवय लागलीये. सिद्दींना उत्तर कन्नड जिल्ह्यात २००३ साली अनुसूचित जमातीत घेतलं, बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना त्यासाठी २०२० पर्यंत थांबावं लागलं. गवळी धनगरांची तर ती मागणीच चालू आहे. तुमच्या अहवालातल्या एका शब्दाला त्यांच्या घरी वजन असतं.

टप्पा ३: परवानगी, आणि ती एका सहीची नसते

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण सगळ्यात मोठी चूक इथंच होते.

एका शाळेच्या गॅदरिंगला मी होतो. मुलांनी वाड्यावरचं एक गाणं बसवलं होतं, छान कपडे, डोक्याला फेटे, ढोल. गाणं सुरू झालं आणि मागं बसलेली वाड्यावरची सातआठ माणसं एकेक करून उठली आणि काही न बोलता निघून गेली. दुसऱ्या दिवशी कळलं, ते गाणं देवकार्यातलं, देवासमोर आणि ठराविक दिवशीच म्हणायचं. ज्यांनी ते शिकवलं त्या म्हाताऱ्या बाबांना कुणी विचारलंच नव्हतं की हे स्टेजवर चालेल का, त्यांना वाटलं मास्तर नुसतं लिहून घेतायत. त्या शाळेला वाड्यावर परत पाय ठेवायला दोन वर्षं लागली. मला ते उठून जाणं अजून दिसतं. कुणी भांडलं नाही, कुणी ओरडलं नाही, नुसते गेले.

त्यानंतर आम्ही जी पद्धत लावली ती अशी. वाचता न येणाऱ्या माणसांपुढं छापील फॉर्म ठेवून अंगठा घेणं म्हणजे परवानगी नव्हे. आम्ही तीन रंगांच्या चिंध्या नेतो. प्रत्येक गाण्याबद्दल, प्रत्येक गोष्टीबद्दल वेगळं विचारतो. हिरवी म्हणजे मुलांना शिकवा, कुणीही ऐकू दे. पिवळी म्हणजे वर्गात चालेल पण मोबाइलवर फिरवणं, युट्यूबवर, स्टेजवर नको. लाल म्हणजे ऐकलंत ते पुरे, लिहू पण नका. चिंधी गाणाऱ्या माणसानंच उचलून ठेवायची. त्यावर दुसरा प्रश्न: हे कधी म्हणायचं असतं? फक्त नवरात्रात, फक्त लग्नात, फक्त बायकांत, फक्त रात्री? ते चिंधीला कागद लावून त्यावर लिहा.

ही कल्पना आमची एकट्याची आहे असं नाही. कॅनडातल्या मूलनिवासी समाजांनी १९९८ साली ओसीएपी नावाची तत्त्वं मांडली, मालकी, नियंत्रण, बघायचा हक्क आणि ताबा, चारही समाजाकडेच राहणार. पारंपरिक ज्ञानासाठी टीके लेबलं म्हणून एक पद्धत आहे, त्यात अमुक ऋतूतच, फक्त बायकांसाठी, अशी लेबलं रेकॉर्डिंगला लावता येतात. आपल्या चिंध्या तेच काम करतात. कॉलेजच्या रिसर्च कमिटीला समजावताना या नावांचा उपयोग होतो, वाड्यावर चिंध्याच बऱ्या.

कायद्याचं थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याला कलाकार म्हणून स्वतःचा हक्क आहे. निव्वळ शिकवण्यासाठी किंवा अभ्यासासाठी रेकॉर्ड केलं तर सूट मिळते, पण शाळेच्या युट्यूब चॅनेलवर चढवणं त्या सुटीत बसेल असं धरून चालू नका. आणि रेकॉर्डिंगचा हक्क कायद्यानं ते तयार करणाऱ्याकडे जातो, म्हणजे कॉलेजकडे किंवा शाळेकडे, म्हणून टप्पा १ च्या कागदावरच लिहून ठेवा की आमचा हक्क सांगणार नाही, वापरायचं तर गाणाऱ्याला विचारून.

*तपासा:* "नको" म्हणणारं एकही माणूस भेटलं नसेल तर तुम्ही नीट विचारलं नाही. मास्तर विचारतायत म्हटल्यावर लोक भिडेपोटी हो म्हणतात. वाड्यावरच्याच एखाद्या शिकलेल्या पोरीला, तुमच्यामागं, परत एकदा विचारायला लावा.

टप्पा ४: रेकॉर्डिंग

आता मोबाइल काढा. फ्लाइट मोडवर टाका, बॅटरी आणि जागा बघा, आधी अर्धा मिनिट टेस्ट करून हेडफोन लावून ऐका. माणसापासून एक हातभर अंतर. वारा असेल तर माइकवर पातळ सुती फडकं गुंडाळा. साधा कॉलर माइक मिळाला तर उत्तम. जमलं तर डब्ल्यूएव्ही फॉरमॅटमध्ये घ्या, एमपीथ्रीत बारीक आवाज जातात.

शाळेच्या खोलीत बोलावून रेकॉर्ड करू नका. एका आजींना आम्ही वर्गात खुर्चीवर बसवलं, समोर फळा, वर पंखा, त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "काय बी आठवना झालंय बघा." आम्ही समजलो विसरल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्याच घरी, सोप्याच्या कोपऱ्यात उभं करून ठेवलेलं जातं खाली मांडलं, खुंटा ठोकून बसवला, मूठभर जोंधळे आत टाकले, आणि उजवा हात खुंट्यावर पडून दोन फेरे झाले नसतील तोवर ओवी आली. मग एकामागं एक, पाऊण तास. डोळे मिटलेले, घास टाकायला डावा हात आपोआप जातोय. ओवीचा ताल जात्याच्या फेऱ्यात असतो, जातं काढून घेतलं की आठवणच बंद पडते. धनगरी ओवीचं पण तसंच, ढोल पाहिजे, समोर बसलेले ऐकणारे पाहिजेत, आणि मध्ये मध्ये गद्यात कथा सांगितली जाते ती 'गाणं नाही' म्हणून रेकॉर्डिंग थांबवू नका, अर्थ तिथंच आहे.

जात्याच्या घरघरीत शब्द बुडतात, ही अडचण खरी. उपाय सोपा, दोनदा घ्या. एकदा जात्यावर, मग चहा झाल्यावर तीच ओवी नुसती बोलून. पहिली चालीसाठी, दुसरी शब्दांसाठी.

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला बोलून ठेवा: तारीख, गाव, कोण म्हणतंय, चिंधी कुठली. फाइलचं नाव पण त्याच क्रमानं. 'न्यू रेकॉर्डिंग ४७' अशा नावाच्या फाइली वर्षभरानं कुणाच्या कामाच्या राहत नाहीत. तीन कॉप्या करा, एक शाळेत, एक कॉलेजात, एक वाड्यावर पेनड्राइव्हमध्ये, त्याच दिवशी.

टप्पा ५: लिहून काढणं, आणि इथं हात आखडता ठेवा

एक मिनिटाचं गाणं नीट लिहायला मला अर्धा तास लागतो, नवीन मुलांना जास्त लागेल, तेवढी वेळ धरा.

चूक कुठली होते तर 'शुद्ध' करायची. हुतं चं होतं, न्हाई चं नाही, म्हस चं म्हैस. एक अक्षर बदललं की मात्रा बदलते, चाल अडखळते, आणि वाड्यावरचं पोर वर्गात ते वाचून बघतं तेव्हा त्याला कळतं की माझ्या आईचं बोलणं मास्तरांनी लाल पेनानं दुरुस्त केलंय. यल्लव्वाचं यल्लम्मा करू नका. अव्वा, अक्का, गुडी हे शब्द कन्नड आहेत म्हणून काढू नका, आणि उलट बाजूनं कन्नड गाण्यातले मराठी शब्द पण काढू नका. सीमाभागात भाषेवरून आपण खूप काही सोसलंय, मान्य, पण त्या आजीच्या गाण्यात दोन्ही भाषा एका ताटात जेवतायत, ते ताट आपण वेगळं करायचं नाही. सिद्दींच्या घरच्या बोलीत तर कोकणी, मराठी, कन्नड तिन्ही मिसळलेली असतात, ती 'कुठल्या भाषेत घालायची' यावर वाद न घालता जशी आहे तशी लिहा.

पान असं करा: डाव्या बाजूला जसं ऐकलं तसं, उजव्या बाजूला अवघड शब्दांचे अर्थ. कन्नड ओळी देवनागरीत आणि कन्नड लिपीत दोन्हींत. वर गाणाऱ्याचं नाव आणि गाव, त्यांनी चालेल म्हटलं असेल तर. नमुना बघायचा असेल तर हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) वेबसाइटवर आहे, लाखाच्या वर ओव्या, आणि तिथं गाणाऱ्या बाईचं नाव, गाव ओवीबरोबरच दिलेलं असतं. 'लोकगीत, कवी अज्ञात' असं लिहून मोकळं व्हायचं नाही, माणूस समोर बसलेलं असतं.

लिहून झालं की ते वाड्यावर नेऊन वाचून दाखवा. प्रत्येक वेळी चारपाच तरी चुका निघतात. एकदा आम्ही झाडाचं नाव समजून जे लिहिलं होतं ते म्हशीचं नाव निघालं.

टप्पा ६: वर्गात

पहिली ते तिसरीला नली-कली (कार्डांवरून खेळत शिकायची पद्धत) असेल तर वेगळा तास शोधत बसू नका, हिरव्या चिंधीची छोटी गाणी, कोडी, म्हशींची नावं कार्डावर घ्या. चौथी-पाचवीला एक ओवी, एक गोष्ट, ऐकणं आधी आणि वाचणं नंतर. सहावी-सातवीची मुलं स्वतः घरी जाऊन विचारून येऊ शकतात, त्यांना टप्पा ३ आधी शिकवा, चिंध्यांसकट. महिन्यातल्या बिनदप्तराच्या शनिवारी पाहुणे बोलवायला वेळ चांगली मिळते.

पाहुणे म्हणजे गाणारी माणसं स्वतः. त्यांचा एक दिवसाचा रोज बुडतो, तो आणि गाडीभाडं आधी हातात द्या, कार्यक्रम संपल्यावर नारळ आणि शाल देऊन फोटो काढणं हा मोबदला नव्हे. पैसे कॉलेजच्या प्रोजेक्टमधून निघतात का ते टप्पा १ लाच विचारलेलं बरं. खुर्चीवर बसवायचं की खाली, ते त्यांना विचारा. आणि तासभर गाऊन घेऊ नका, चाळीस मिनिटांच्या तासात दोन गाणी, बाकी मुलांचे प्रश्न.

*सावध, हे फार महत्त्वाचं:* वर्गात वाड्यावरची दोनतीन मुलं असतात. "तू गवळी ना, तूच म्हणून दाखव" असं कधीही म्हणू नका. आधीच कपड्याला दुधाशेणाचा वास येतो म्हणून बाकावर सरकून बसणारी पोरं त्याच वर्गात असतात. त्या मुलाला आपणहून म्हणावंसं वाटलं तर म्हणेल. सगळ्या वर्गानं एकत्र शिकायचं, चुकायचं, आणि चुकलं की त्या मुलाकडे बघायचं, त्याला बरोबर माहीत असतं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा तो चौथीतला पोरगा उठून म्हणाला, "सर, असं न्हाई, जरा वडून म्हणायचं." त्या दिवसापासून तो पुढच्या बाकावर बसायला लागला.

याला मार्क ठेवू नका. गाळलेल्या जागा भरा, एका वाक्यात उत्तरे लिहा, यातलं काही नको.

टप्पा ७: ऑफिसचे कागद

यात अडकून पडू नका, पण टाळू पण नका. एसडीएमसीच्या ठरावाची कॉपी, कॉलेजचं पत्र आणि वर्षाचं कॅलेंडर जोडून सीआरपींमार्फत (केंद्राचे साधन व्यक्ती) बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला द्या, पोच घ्या. अर्ज कन्नडमध्ये पण जोडा, काम लवकर होतं. 'पाठ्यपुस्तकाऐवजी' असं लिहू नका, 'पूरक' लिहा. कॉलेजच्या मुलांना यासाठी इंटर्नशिपचे किंवा प्रोजेक्टचे मार्क मिळणार असतील तर वाड्याला ते उघड सांगा, लपवल्यावर नंतर वाईट वाटतं.

टप्पा ८: परत नेऊन देणं

सत्र संपायच्या आत, वाड्यावर, त्यांच्या सवडीच्या संध्याकाळी. स्पीकर घेऊन जा, सगळी रेकॉर्डिंगं सगळ्यांना ऐकवा, पिवळ्या चिंधीची फक्त ज्यांची आहेत त्यांना. छापलेली वही घरटी एक, मोठ्या अक्षरात. मेमरी कार्ड दोन जणांकडे. कॉलेजच्या मुलांनी जे काय लिहिलं त्याचं शेवटचं पान तरी मराठीत करून वाचून दाखवावं.

तिथंच विचारा, यातलं काही काढायचंय का? माणसांचं मन बदलतं. एका बाईंनी हिरवीची लाल केली, कारण मधल्या काळात घरात वाईट झालं होतं, आम्ही त्या दिवशीच कार्ड वर्गातून काढलं, कारण विचारलं नाही.

आणि गाणारं माणूस गेलं तर त्याचं रेकॉर्डिंग घरच्यांना विचारल्याशिवाय वाजवू नका. जात्यावरच्या त्या आजी मागच्या पावसाळ्यात गेल्या. आम्ही वर्षभर फाइल बंद ठेवली. वर्षश्राद्ध झाल्यावर त्यांचा नातू शाळेत आला, दाराशी उभा राहून म्हणाला, आईनं विचारलंय, आजीचं ते जात्यावरचं आहे काय, घरी ऐकायचंय. पेनड्राइव्ह त्यांच्या ट्रंकेत होताच, पण वाजवायला काही नव्हतं. तेव्हापासून आम्ही पेनड्राइव्हबरोबर एक छोटा स्पीकर पण वाड्यावर ठेवतो, तो चार्ज आहे का ते दर महिन्याला जाऊन बघायचं काम सातवीच्या मुलांकडे दिलंय.